कोष्टकातला दर उचलायचाय: रेगेक्स की पार्सर?

बाजारभावाचं एक पान घ्या. कोष्टकात तीन खाने: माल, आवक, दर. रोज त्यातला कांद्याचा दर हवा. पायथनमध्ये रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) हे काम एका ओळीत होतं, ब्युटिफुलसूप या लायब्ररीला पाच-सहा ओळी लागतात; ती पार्सर वापरते, म्हणजे पानाच्या एचटीएमएलची रचना वाचते. साहजिकच बहुतेक जण रेगेक्स लिहितात, आणि बरेच दिवस ते बिनतक्रार चालतंही.

पॅटर्न साधारण असा: आधी 'कांदा', मग .*? (मधलं काहीही, शक्य तितकं कमी) आणि शेवटी दराचा क्लास असलेल्या टीडीतले, म्हणजे खान्याच्या टॅगमधले, आकडे. मधे नव्या ओळी येतात, त्याही डॉटमध्ये बसाव्यात म्हणून डॉटऑल लावलेलं. एके दिवशी कांदा येतच नाही आणि आवक-दर मिळून एकच टीडी दिसतो, कॉलस्पॅन २, आत 'आवक नाही'. रेगेक्स तिथे थांबत नाही. लेझी (कमीत कमी उचलणारा) असला तरी .*? पुढचा तुकडा सापडेपर्यंत सरकत राहतो. रांग संपली हे त्याच्या गावीही नसतं. तो बटाट्याच्या रांगेत शिरतो आणि तिथले १८०० कांद्याच्या नावावर आणून देतो. एरर नाही, रिकामं उत्तर नाही, आकडाही पटण्यासारखा. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

पार्सरने टीआर, म्हणजे एक रांग, घ्यायचा, पहिल्या टीडीचा मजकूर स्ट्रिप करून (कडेची मोकळी जागा काढून) 'कांदा'शी ताडायचा आणि तिसरा टीडी मागायचा. त्या दिवशी टीडी दोनच असतात, त्यामुळे लगेच इंडेक्सएरर येतो. हेच हवं असतं.

रेगेक्सला अडवणाऱ्या बाकीच्या खोड्यांना ठिगळं लावता येतात: सिंगल कोट, कोटच नसणं, कॉमेंटमध्ये पडलेलं जुनं कोष्टक, न लिहिलेला टीडीचा बंद टॅग (एचटीएमएलमध्ये हे वैध आहे). मराठी पानांवर आणखी एक गोष्ट सांभाळा. पायथनच्या रेगेक्समधल्या बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये (शब्दातल्या अक्षराची खूण) काना, मात्रा, अनुस्वार बसत नाहीत. त्याने 'कांदा' शोधलात तर हाती 'क' आणि 'द' असे दोन तुकडे येतात.

पार्सरही अगदी निर्दोष नाही. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमधून सिलेक्टर (पानातल्या घटकाचा पत्ता) कॉपी केला की त्यात टीबॉडी, म्हणजे रांगांभोवतीचा टॅग, येतो. सोर्समध्ये नसला तरी ब्राउझर तो स्वतः घालतो. एलएक्सएमएल हा पार्सर घालत नाही, म्हणून यादी रिकामी येते. सिलेक्टरमधून टीबॉडी काढून टाका. शिवाय ब्युटिफुलसूपला पार्सरचं नाव स्पष्ट द्या. नाही दिलं तर मशीनवर असेल त्यातला तो निवडतो, आणि मोडक्या एचटीएमएलचं झाड दोन मशीनवर दोन तऱ्हेचं बनू शकतं.

फाइल तुमच्याच स्क्रिप्टने बनवलेली असेल आणि काम एकदाच करायचं असेल, तर रेगेक्सला माझी हरकत नाही. एरवी त्याची जागा खान्याच्या आत: पार्सरने '₹ १,४५०/-' हाती दिलं की त्यातली चिन्हं आणि स्वल्पविराम काढायला.