गाडीचा बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे वायपर, लाइट, सेंट्रल लॉक सांभाळणारा कंट्रोल बॉक्स) नवा टाकू की स्क्रॅपमधला?

दादा, आधी फ्यूज, अर्थिंग आणि बॅटरीचं व्होल्टेज बघून घे, वायपर आपोआप फिरणं, सेंट्रल लॉक येड्यासारखं वागणं त्यानेही होतं. बीसीएमच गेलाय हे पक्कं असेल तर खर्चात कुर्ल्याचा स्क्रॅपवाला स्वस्त पडणारच, पण पार्ट नंबर तंतोतंत जुळायला हवा, शिवाय आत दुसऱ्याच गाडीचा डेटा असतो, काही गाड्यांत इमोबिलायझरही (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) त्यातच असतो, म्हणजे तुझ्या आधीच्या बीसीएमची मेमरी त्यात क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करणारा माणूस नाही मिळाला तर अशी गाडी स्टार्टच व्हायची नाही. कोडिंग (पार्ट तुझ्या गाडीशी जुळवायचं प्रोग्रॅमिंग) नव्यालाही लागतं, पण ते सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर होऊन जातं. पुरात बुडालेल्या गाडीतला पार्ट मात्र फुकट दिला तरी घेऊ नको. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायचीय तर नवाच टाक, जुनी झालीय, गावातल्या गावात फिरवायचीय आणि क्लोनिंगवाला ओळखीचा आहे तर स्क्रॅपमधला चालेल.