बस स्टँडमागचं वाचनालय: कपाट भारी, पंखा बेकार

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याचं हे ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. वर्गणी महिन्याला 30 रुपये. पाटीवर वेळ आठची, पण कुलूप निघते साडेआठला. मे महिन्यात दुपारी जाऊ नका, वर टिनं आहेत. समोरची खोली एमपीएससीवाल्या पोरांनी धरलेली, पेपर उभ्यानंच वाचावा लागते.

मी शिलाईकाम करतो, जातो ते मागच्या खोलीतल्या कपाटासाठी. तिथं जुनी सोव्हिएत मासिकं आहेत. लहानपणी त्यांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं वह्यांना घालत होतो. एका अंकात ताश्कंदचे मुफ्ती, चेहरा हसरा. त्यांचं धार्मिक मंडळ 1943 साली स्टालिनच्या परवानगीनंच उभं झालं; लढाई चालू होती, मुसलमानांची साथ पाहिजे होती. मुफ्तींनी विजयासाठी दुवा मागितली, वर्गण्या जमवल्या. पुढच्याच मे महिन्यात, 18 तारखेपासून, क्रिमियातले जवळजवळ दोन लाख तातार (ही मुसलमान जमात) गद्दार ठरवून मालगाड्यांत कोंबले, बहुतेकांना उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. लाल सैन्यात लढलेले तातारही युद्धानंतर तिकडंच धाडले. हे मासिकात नाही, वरच्या खणातल्या इतिहासाच्या पुस्तकांत आहे.

मनात बसला तो मीरसैद सुलतान-गालियेव. तातार, पक्का बोल्शेविक, स्टालिनच्याच खात्यात मोठा माणूस. मुसलमानही राहू, कम्युनिस्टही राहू, असं त्याचं म्हणणं. 1923 ला अटक, 1928 ला पुन्हा, 1940 ला गोळी. मुफ्तींपेक्षा तर हा पक्षाच्या घरातला! कचेरीत एक कागद दिला की दुसरा मागतात, तशी गत. 1990 ला सरकारनं त्याला निर्दोष ठरवलं, घ्या. आमच्या मोहल्ल्यातलं कोणी 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाले उशिरा आलं तर त्याची चर्चा होते, दुसरं कोणी आलं तर ‘झोप लागली असंन’. म्हणून हा माणूस मले लांबचा वाटला नाही.

क्रिमियाच्या तातारांचा पुढारी मुस्तफा जेमिलेव त्या हद्दपारीत तान्हं लेकरू होता. पुढं सोव्हिएत तुरुंगात त्यानं 303 दिवस उपोषण केलं, नळीनं जबरीनं अन्न भरत होते. त्याच्या लोकांची मेजलिस, म्हणजे निवडून दिलेली पंचायत, 2016 मध्ये रशियानं अतिरेकी म्हणून बंद केली. एवढं सारं दोन खणांत मिळते.

सेवेबद्दल बोलायचं तर ग्रंथपाल ताई चांगल्या. “चाचा, अजून रशियाच का?” म्हणाल्या अन् माळ्यावरून आणखी गठ्ठा काढून दिला. दुसऱ्या एका ठिकाणी असंच पुस्तक मागितलं तर माझं नाव ऐकून “तुम्हाले हे कायले पाहिजे?” म्हणत होते. इथं नोंदवहीत पुस्तकाचा नंबर अन् सही, बस.

संडास बंद आहे. गाडी शेजारच्या कृषी केंद्रासमोर लावू नका, मालक ओरडते. पाचपैकी चार, पंखा बदलला की उरलेला एक देतो.