पावणेचारला फोन उचलणारं दुकान

दुकानाचं नाव लिहीत नाही, मालकानेच नको म्हटलं. "ताई, आमच्यासारख्यांना पाच तारे देतं का कुणी?" पुण्यात, पेठेतलं अंत्यविधी साहित्याचं दुकान आहे. नंबर हवा असेल त्याने माझ्याकडे मागावा.

अण्णा पहाटे तीनला गेले, घरीच. भाऊ न्यू जर्सीला, घरात मी आणि आई. पावणेचारला फोन लावला तो दुसऱ्या रिंगला उचलला. मला वाटलं, आता दर सांगेल. त्याने विचारलं, "पंखा चालू आहे का?" चालू होता. "बंद करा. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. डोळे द्यायचे असतील तर सहा तासांच्या आत व्हायला हवं. आधी नेत्रपेढीला फोन करा, आमचं सामान मागाहून आलं तरी चालतं." अण्णांनी नेत्रदानाचा अर्ज कधीच भरून ठेवला होता आणि आम्ही दोघी ते साफ विसरलो होतो. पेढीची माणसं आली, अर्ध्या तासात काम उरकून गेली. चेहरा होता तसाच.

घरी मृत्यू झाला की उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, मृत्यूच्या कारणाचा नमुना ४अ मधला दाखला लागतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "नऊला क्लिनिकवर या" म्हणून फोन ठेवला. असो. दुकानदाराने तोवर अण्णांचं आधार कार्ड शोधायला लावलं, दाखल्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच आहे का ते बघून घ्या म्हणाला. पुढे बँकेत आणि पेन्शनच्या खिडकीवर कळलं, तो हे का सांगत होता.

सहाला त्याचा पुन्हा फोन आला. "अण्णांची उंची किती आहे?" तिरडीचे बांबू कापायचे होते. 'आहे' म्हणाला. तोवर घरी आलेला प्रत्येक जण 'होते' वर पोचला होता. मग, "मडकं कोण धरणार?" मी म्हटलं, मी. "मग पाण्याचं जरा लहान देतो, खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या असतात." एवढंच. मुलगा कधी पोचतोय, हे त्या सकाळी मला न विचारणारा हा एकटाच.

दहाला दोन पोरं सामान घेऊन आली. बांबू, कडबा, सुतळी, शिकाळं, गोवऱ्या, तीळ, तुळस, पांढरं कापड. काहीही आणायला कुणाला पळावं लागलं नाही. तिरडी त्यांनी जिन्याखाली बांधली, आईला दिसणार नाही अशी. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी घेतली, तरी फेऱ्या आणि मडकं झालंच. मडक्याला भोक पाडलेला दगड मी तिथेच टाकणार होते, तेवढ्यात त्यांतला एक पोरगा मागून हळूच म्हणाला, "ताई, जीवखडा आहे तो. उपरण्याच्या टोकाला बांधा, दहाव्याला लागतो." एरवी कळत्या वयाचे बारा नातेवाईक भोवती उभे होते.

तक्रारी आहेत. बिल वहीच्या फाटक्या पानावर मिळालं, आकडे समजून घ्यायला मला दुसऱ्यांदा फोन करावा लागला. एकूण साडेतीन हजार, शववाहिका वेगळी. हार भडक, त्याला चंदेरी जरीच्या पट्ट्या. अण्णांना बघवला नसता, मी गाडीत बसल्यावर त्या ओढून काढल्या. दहाव्यासाठी त्याने सुचवलेले गुरुजी घाईचे निघाले. ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा शिवायच्या आतच पुढच्या यजमानांशी फोनवर बोलत होते. गुरुजी तुमचे तुम्ही बघा.

आणि हो, त्याच्याकडे नंबर गेला की रोज सकाळी सहाला गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' येतं. भावाने परवा विचारलं, हा कोण? मी म्हटलं, तिरडीवाले. तो हसला, पहिल्यांदाच, अण्णा गेल्यापासून. नंबर ब्लॉक केलेला नाही.