बोलेतो तुरिस्तिको, कुस्को: सात महिन्यांत तीन वेळा काढल्यानंतर

मागच्या शनिवारी ओयान्तायताम्बोच्या इंकाकालीन गडाच्या दारात रखवालदाराने माझ्या जाऊबाईंच्या बोलेतोवर, म्हणजे पेरूतल्या कुस्को परिसरातल्या सोळा जागांच्या एकत्रित तिकिटावर, खटकन भोक पाडलं, तेव्हा दार बंद व्हायला जेमतेम अर्धा तास उरला होता. आम्ही निम्म्या पायऱ्या चढलो असू नसू, तोवर वरून शिट्ट्या सुरू झाल्या. वरचे ते सहा प्रचंड गुलाबी दगड जाऊबाईंनी खालूनच पाहिले. सातारहून तीन विमानं बदलून आलेलं माणूस, आणि दगडाला हात न लावता परत. ते भोक आता बुजत नाही. एका जागी एकच प्रवेश, हा बोलेतोचा नियम. दुसऱ्या दिवशी तेच तिकीट घेऊन पुन्हा गेलं तर आत सोडत नाहीत.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही सात महिने कुस्कोत आहोत. बोलेतोत कोणत्या सोळा जागा येतात, हे इथे यायचं ठरवलेल्या प्रत्येकाने आधीच वाचलेलं असतं, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. मी ते तीनदा काढलं: पहिल्या महिन्यात १३० सोलचं पूर्ण, तिसऱ्या महिन्यात ७० सोलचं फक्त व्हॅलीचं (कुस्कोखालच्या ‘सेक्रेड व्हॅली’तल्या जागांचं), आणि आता दीर-जाऊबाई आले म्हणून पुन्हा १३० चं. एकूण ३३० सोल, म्हणजे आपले साडेसात हजारांच्या वर रुपये. एवढे पैसे मी इथे दुसऱ्या कुठल्याही कागदावर घातलेले नाहीत, त्यामुळे त्याच्याबद्दल मला बोलायचंच आहे.

पहिली तक्रार मुदतीची. पूर्ण बोलेतो दहा दिवस चालतो. दहा दिवस पुष्कळ वाटतात, पण कुस्को ३,४०० मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, त्याच्या दुपटीहून जास्त. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांशच उरतो. पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, कुकरशिवाय तूरडाळ शिजत नाही, हे मी रोज बघते. अशा ठिकाणी विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं, तर पहिले तीन दिवस डोकं धरून खोलीत जातात आणि तिकिटाची तारीख पुढे सरकत राहते. पहिल्या वेळी माझं तेच झालं. दहातले साडेतीन दिवस मी कोकाच्या पानांचा काढा आणि घरमालकिणीने दिलेला मुन्याचा चहा पीत अंथरुणात काढले. मुन्या म्हणजे इथला डोंगरी पुदिना. पोटाला खरंच बरा वाटतो. सोळातल्या नऊच चौकटींना भोकं पडली आणि मुदत संपली.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की पूर्ण बोलेतो काढूच नका, ७० चे तुकडे घ्या. हे माझं मत आता पूर्ण बदललं आहे.

७० चं व्हॅलीचं तिकीट पिसाक, चिंचेरो, मोराय आणि ओयान्तायताम्बो या चार जागांचं असतं आणि दोनच दिवस चालतं. दोन दिवसांत चारही जागा होतात, पण धावतच कराव्या लागतात. आणि धावायला भाग पडलं की माणूस एजन्सीच्या एका दिवसाच्या सहलीकडे वळतो. खरा खड्डा तिथे आहे. पूर्ण बोलेतोत १३० ला १६ ने भागलं तर एका जागेला आठ सोल पडतात, तुकड्यात साडेसतरा. तीन महिने मी हा हिशोब उलटा धरून बसले होते.

आता शनिवारचं सविस्तर सांगते. दीरांना सुट्टी थोडी, म्हणून चौकाजवळच्या एका एजन्सीकडून आम्ही चौघांनी ‘सुपर व्हॅली’ घेतली. पिसाक, चिंचेरो, मोराय, मारासची मिठागरं आणि ओयान्तायताम्बो, सगळं एका दिवसात, माणशी ९० सोल, बोलेतो वेगळा. छापील कागदावर ओयान्तायताम्बोला दीड तास लिहिलेला होता. सकाळी साडेसहाची गाडी सव्वासातला आली आणि पुढचा पाऊण तास गावात फिरून बाकीची माणसं गोळा करत बसली. पिसाकला पस्तीस मिनिटं. मग एका चांदीच्या दुकानात पंचवीस. चिंचेरोला लोकर रंगवून दाखवतात तिथे पन्नास. त्या बायांचं काम बघण्यासारखं आहे हे आधी सांगते. निवडुंगावरचा कोचिनील किडा तळहातावर चिरडला की गडद लाल रंग येतो, त्यात लिंबाचा थेंब पिळला की क्षणात केशरी होतो. जाऊबाईंनी दोनदा करून बघायला लावलं. पण ते बघायला आम्ही चिंचेरोला वेगळे गेलो असतो. त्यानंतर जेवण सत्तर मिनिटं, आणि ते होईपर्यंत कुणाला हलायची सोय नाही. असं करत करत दीड तासातली पंचवीस मिनिटं आमच्या वाट्याला आली.

सोमवारी मी त्या एजन्सीत गेले. काउंटरवरच्या मुलाने रस्त्यावरच्या गर्दीचं कारण सांगितलं. मी कागद समोर ठेवला, घड्याळाच्या वेळा लिहून आणल्या होत्या त्या वाचून दाखवल्या आणि अर्धे पैसे परत मागितले. तो म्हणाला, मालक नाहीत. उद्या या. तेव्हा मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हटलं, मग लिब्रो दे रेक्लामासिओनेस द्या, मी लिहून जाते.

ही गोष्ट पेरूला येणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. गिऱ्हाइकाशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक दुकानाला, हॉटेलला, एजन्सीला तक्रारवही ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि पुस्तकाचं चित्र असलेली पाटी दिसेल अशी लावावी लागते. वहीत लिहिलं की त्याची एक प्रत आपल्याला मिळते आणि दुकानाला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावंच लागतं. वही मागितली की नाही म्हणता येत नाही. मुलाने फोन लावला, पाच मिनिटं बोलला आणि माणशी ४० सोल काढून दिले. एक शब्द जास्त बोलावा लागला नाही. १६० सोल हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. पण जाऊबाईंचं भोक त्याने भरलं नाही, हेही खरं.

तर आता माझा सल्ला असा: पूर्ण बोलेतोच काढा, पण कुस्कोत उतरल्या उतरल्या काढू नका. विमानतळावरून थेट खाली व्हॅलीत जा. ओयान्तायताम्बो २,८०० मीटरच्या आत आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली, आणि तो फरक पहिल्या रात्रीच्या झोपेत कळतो. इथे सगळे उलटं करतात, आधी कुस्कोत राहून सोरोचे, म्हणजे उंचीचा त्रास, अंगावर घेतात आणि मग खाली जातात. दोन रात्री ओयान्तायताम्बोत काढा, डोकं शांत झालं की सकाळी सातला दारात उभं राहून तिकीट काढा. त्या वेळी एजन्सीच्या गाड्या नसतात. सहाही दगड आपले. ते दगड नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून, म्हणजे समोरच्या डोंगराच्या अंगावरून खाली उतरवून, नदी ओलांडून पुन्हा इकडे चढवलेले आहेत. वरच्या पायरीवर उभं राहिलं की खाण आणि भिंत दोन्ही एका नजरेत येतात. याच गडावरून इंकांचा राजा मान्को इंका याने हेर्नान्दो पिसारोच्या स्पॅनिश फौजेला परतवून लावलं होतं. गड चढायची सवय असलेल्या मराठी माणसाला हे बघताना जे वाटतं, ते पंचवीस मिनिटांत वाटणं शक्य नाही.

आणि गावाच्या दुसऱ्या बाजूच्या डोंगरावर पिंकुयुनाची जुनी कोठारं आहेत, तिथे चढायला एक पैसा लागत नाही. बोलेतोच्या सोळात ती नाहीतच. सात महिन्यांत मला मिळालेलं सगळ्यात सुंदर दृश्य फुकट होतं. चढण उभी आहे, पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका.

जायला यायला कोलेक्तिवो वापरा. ही आपल्या वडापसारखी व्हॅन, भरली की निघते. कुस्कोत पाविटोस रस्त्यावरून ओयान्तायताम्बोच्या सुटतात, मी १० पासून १५ सोलपर्यंत दिले आहेत, वेळ पावणेदोन तास. पिसाकच्या पुपुती रस्त्यावरून, तासाभराचा रस्ता. मोराय आणि मिठागरांसाठी मारास फाट्यावर उतरायचं, तिथे टॅक्सीवाले उभे असतात, जाऊन येऊन आणि थांबण्याचे किती ते बसायच्या आधी ठरवायचं. मिठागरांचे पैसे गावाला वेगळे द्यावे लागतात, बोलेतो तिथे चालत नाही, रोख ठेवा. वीस सोलच्या नोटा ठेवा. शंभराची मोड कुणाकडे नसते. उरुबाम्बात आणि ओयान्तायताम्बोत तीनचाकी मोतोताक्सी फिरतात, त्यांच्या समोरच्या काचेखाली ‘बजाज’ लिहिलेलं दीरांना दिसलं. आयुष्यभर आकुर्डीच्या कारखान्यासमोरून कामाला गेलेला माणूस, त्यांनी चालकाला थांबवून गाडीबरोबर फोटो काढला आणि दीड सोलच्या जागी पाच दिले. मी काही बोलले नाही.

सप्तरंगी डोंगराबद्दल सगळे विचारतात. विनिकुंका पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. पहाटे चारला गाडी येते. मी तिसऱ्या महिन्यात गेले, पंधरा पावलं टाकायची आणि थांबायचं, वर गेले तर बर्फ पडून रंग झाकलेले. डिसेंबर ते मार्च हा पावसाळा, त्यात जाऊ नये हे मला कळायला हवं होतं. मे महिन्यात पाल्कोयोला गेले. उंची थोडीच कमी, पण चाल सपाट, गर्दी नाही, आणि एका जागी तीन रंगीत डोंगर. पन्नाशीच्या पुढच्यांना मी पाल्कोयोच सांगते. डोकं ठणकत असेल, उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. सगळ्यात खात्रीचा उपाय तोच. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं असेल तर निघण्याआधी घरच्या डॉक्टरांना विचारून घ्या, इथे येऊन दुकानात विचारू नका.

माचू पिच्चूवर मी लिहीत नाही. ते या बोलेतोत नाही, आणि त्याच्यावर पुरेसं लिहिलं गेलं आहे. कुस्को गावातली संग्रहालयं पावसाच्या दुपारी ठीक. संध्याकाळचा नाचाचा कार्यक्रम याच बोलेतोत येतो, तो मात्र चुकवू नका.

आता तिपोन. बोलेतोवरच्या सोळा चौकटींत मला सगळ्यात प्रिय झालेली ही एक चौकट, आणि कुस्कोत आलेल्या बहुतेकांच्या तिकिटावर तीच कोरी राहते. गावापासून आग्नेयेला पंचवीस किलोमीटर, उर्कोसकडे जाणाऱ्या बसने फाट्यावर उतरायचं आणि वर टॅक्सीने जायचं. इंकांनी बांधलेले दगडी मळे आणि त्यांतून खेळवलेलं पाणी, एवढंच आहे. पण ते पाणी अजून वाहतं. आमच्या गावी पाटाचं पाणी रात्री दोनला सोडायचे, बाबा कंदील घेऊन बारे द्यायला जायचे. बांध फुटला की शिव्या, भांडणं. म्हणून मला तिथे काय दिसतं ते लगेच कळलं. डोंगरातून एक दगडी पाट येतो, तो दोन होतो, दोनाचे पुन्हा चार होतात आणि चार सारख्या धारा एकाच उंचीवरून एकाच कुंडात पडतात. मी चारही धारांखाली आळीपाळीने हात धरून बघितला. जोर सारखाच. पाचशेपेक्षा जास्त वर्षं कुणीतरी ते पाणी सारखं वाटून ठेवलं आहे.

बोलेतो शनिवारी काढलेला, म्हणजे दीर-जाऊबाईंचे दिवस अजून शिल्लक होते. बुधवारी त्यांना घेऊन तिपोनला गेले. दारातल्या बाईने तिघांच्या तिकिटांवर भोकं पाडली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. जाऊबाई त्या कुंडाशी बसल्या, चप्पल काढली, पाण्यात हात घातला आणि दीरांना म्हणाल्या, अहो, घरी फोन लावा, आईंना हा आवाज ऐकू दे. सातारला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. सासूबाईंनी फोन उचलला, आणि आम्ही कुणी काही न बोलता तो धारांजवळ धरला.