रविवारची बॅच: सर झकास, नोट्स भिकार

तोफखान्यात 17 वर्षं काढून आलो आणि राज्यसेवेच्या अभ्यासाला बसलो. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका क्लासची आंतरराष्ट्रीय संबंधांची रविवारची बॅच लावलीय. फी 1,800, झेरॉक्स नोट्स धरून. क्लासचं नाव लिहीत नाही. नोट्सबद्दल बोलायचंय आणि सरांशी वैर नको.

चौदाव्या पानावर छापलंय, ‘परदेशाला शस्त्रं विकायला अमेरिकी सरकारला काँग्रेसची मंजुरी लागते.’ काँग्रेस म्हणजे तिथली संसद. पेपरात हे लिहाल तर गेलात. सरांनी फळ्यावर तासभर याच्या उलट शिकवलं, आणि तेच बरोबर. 1976 च्या शस्त्र निर्यात नियंत्रण कायद्याप्रमाणे मोठा सौदा काँग्रेसला आधी कळवायचा. नाटो आणि जपान, इस्राएलसारख्या मोजक्या देशांसाठी मुदत 15 दिवस, आपल्यासारख्यांसाठी 30. तेवढ्यात कुणी अडवलं नाही तर सौदा पुढं. सर म्हणाले, जमीन घेताना वकील पेपरात जाहीर नोटीस देतो ना, ‘मुदतीत हरकत न आल्यास व्यवहार पूर्ण करू’, अगदी तसं. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाईल सोडून वर बघायला लागली.

बरं, हरकत घेऊन तरी काय? 2019 मध्ये सौदी आणि अमिरातीच्या सौद्यांविरुद्ध तीन ठराव दोन्ही सभागृहांत पास झाले. ट्रम्प यांनी तिन्हींवर नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोनतृतीयांश मतं लागतात, सिनेटमध्ये ती जमली नाहीत.

माझा जीव अडकला एम-777 या अमेरिकी तोफेवर. भारताला विकायच्या 145 तोफांची नोटीस काँग्रेसकडं गेली जानेवारी 2010 मध्ये, अंदाजे 64.7 कोटी डॉलरची. करार झाला नोव्हेंबर 2016 मध्ये. 2018 ला देवळालीत ती तोफ दाखल झाली तेव्हा मी तिथं होतो. तिचा कागद आठ वर्षांपूर्वीच वॉशिंग्टनमध्ये फिरून आलाय, याची आम्हाला गंधवार्ता नव्हती.

मी विचारलं, 2022 ला आपण फिलिपिन्सशी ब्राह्मोस क्षेपणास्त्रं विकायचा करार केला, तेव्हा आपल्या संसदेला अशी नोटीस गेली का? सर म्हणाले, आपल्याकडं तसा कायदाच नाही. आणि घड्याळाकडं बघून डस्टर उचललं. इथं मी एक गुण कापला, नोट्सचा आणखी एक. पाचपैकी तीन.

माझ्या प्रतीत ‘मंजुरी लागते’ खोडून ‘हरकत घेता येते’ लिहिलंय. नवीन येणाऱ्यानं झेरॉक्स त्याचीच काढा. मी दुसऱ्या बाकावर, खिडकीशी बसतो.