इटालियनची पर्सनल ट्यूशन (कोपरखैरणे): जवळपास वर्षभरानंतरचा अनुभव

आधी पैशाचं बोलून टाकते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. तासाला हजार रुपये, महिन्याचे आगाऊ. आयत्या वेळी आपण क्लास कॅन्सल केला तर पैसे गेले, शिकवणाऱ्या ताईंनी केला तर तो पुढे ढकलला जातो. आठवड्याला दोन तास म्हणजे महिन्याला आठ हजार. सासूबाई ऐकून म्हणाल्या, एवढ्यात भिशी लावली असतीस गं. चुकीचं नाही बोलल्या, रक्कम मोठीच आहे, म्हणूनच म्हटलं नीट सविस्तर लिहावं, कुणाला लावायची असेल तर आधी सगळं कळलेलं बरं.

मी रबाळे एमआयडीसीत पर्चेस आणि स्पेअर्स बघते. आमच्याकडच्या पॅकिंगच्या मशीन बोलोन्याहून आलेल्या. बोलोन्या आणि आजूबाजूचा तो पट्टा म्हणजे पॅकिंग मशीनचं आगरच, लोक त्याला पॅकेजिंग व्हॅलीच म्हणतात. तिकडचे सेल्सवाले छान इंग्लिश बोलतात, पण मशीन एकदा विकली की ते गायब, नंतर गाठ पडते ती स्पेअर्स डेस्कवरच्या माणसाशी आणि इथे येणाऱ्या टेक्निशियनशी. त्यातले जुने लोक इंग्लिशमध्ये ओके आणि टुमॉरोच्या पुढे जात नाहीत. ईमेल आला तर फोनवर भाषांतर करून घेता येतं, पण लाइन बंद पडलीय, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे आहेत आणि पलीकडे माणूस भराभरा काहीतरी सांगतोय, तेव्हा अ‍ॅप काय करणार. म्हणून शिकायचं ठरवलं. रोमँटिक कारण काही नाही, आणि इटलीला मी अजून गेलेलेही नाही.

आधी ठाण्यातच एक बॅच लावली होती, नाव लिहीत नाही. वर्ग भरलेला, बहुतेक पोरं मास्टर्सला मिलान-तुरिनला जाणारी, सगळं इंग्लिशमधून. टीचर वाईट नव्हत्या हां, पण एवढ्या गर्दीत आपला नंबर येईपर्यंत वेळ संपायची आणि नंबर आला की माझं नाव अमुक, मी ठाण्यात राहते, एवढं म्हणून खाली बसायचं. वहीभर व्याकरण झालं आणि तोंडातून वाक्य निघेना. मग ऑफिसमधल्या एकीने या ताईंचा नंबर दिला. त्या बरीच वर्षं बोलोन्यात राहून आल्यात, आता कोपरखैरण्यात असतात आणि डायनिंग टेबलवर शिकवतात. मला सोयीचं पडतं, रबाळेहून ट्रान्स-हार्बर पकडली की घणसोली, मग कोपरखैरणे, क्लास करून उलट्या गाडीने ठाणे.

आता मुद्द्याचं. ताई इटालियन मराठीतून शिकवतात, आणि माझ्या मते त्या हजार रुपयांतले निम्मे तरी याचेच आहेत. बॅचमध्ये 'मी पियाचे' नावाचं प्रकरण आलं होतं, आवडणं या अर्थाचं, तेव्हा अख्खा तास इंग्लिशमध्ये कर्ता कोण कर्म कोण यात गेला आणि कुणाला धड कळलं नाही. ताईंनी विचारलं, मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात, यात तू बदलतेस का आंबा बदलतो? झालं. तिकडेही एक गोष्ट आवडली तर पियाचे, अनेक आवडल्या तर पियाच्चोनो, आणि 'मी' म्हणजे आपलं 'मला'. पाच मिनिटांत विषय संपला.

भूतकाळाचंही तसंच. बाई म्हणते सोनो अन्दाता, पुरुष म्हणतो सोनो अन्दातो. इंग्लिशमधून शिकताना हा नियम म्हणून पाठ करावा लागतो, आपल्याला त्यात नवीन काय, मी गेले आणि मी गेलो. (माझ्या आधीच्या स्लॉटला एक मुलगा येतो तो ताईंचं ऐकून ऐकून बरेच दिवस अन्दाता अन्दाता करत होता.) आणि नेहमी व्हायचं ते, म्हणजे लहानपणी आम्ही जायचो यायचो वालं, त्याला वेगळा काळ आहे, इम्परफेत्तो, तो तर मला आयता मिळाला. पण मराठीच्या भरवशावर सगळीकडे राहूनही चालत नाही. आपण पोळी खाल्ली, भात खाल्ला म्हणतो, क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे चालतं. इटालियनमध्ये तसं तेव्हाच करावं लागतं जेव्हा वस्तूचं सर्वनाम आधी येतं. 'पित्सा खाल्ला'ला नुसतं ओ मांजातो ला पित्सा, शेवट बदलायचा नाही, पण 'तो मी खाल्ला' म्हणायचं तर लो मांजाता, कारण पित्सा त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. मराठी माणूस पहिल्या वाक्यातही मांजाता करून बसतो. ताईंना हे आधीच माहीत असतं, त्या वाटच बघत असतात.

उच्चारात तर आपली चैन आहे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून, ट-ड नाहीच. जोडाक्षरं दाबून बोलायची सवय आपल्याला सत्ता, पक्का, कच्चा मधून असतेच, आणि इटालियनमध्ये तो दाब सोडला तर अर्थच बदलतो, पाल्ला म्हणजे चेंडू आणि पाला म्हणजे फावडं. चाव (हाय-बाय) मधला च चिंचेतला, ग्रात्सिए (थँक्यू) मधला त्स म्हणजे चमच्यातला पहिला च, फील्यो (मुलगा) मधला ल्य कल्याणमधला. कल्याणचं उदाहरण ताईंचं आहे, आणि कल्याण लोकलने येणाऱ्या माणसाला तो उच्चार जन्मात चुकणार नाही.

जिथे मराठी अजिबात मदत करत नाही ते म्हणजे आर्टिकल. इल, लो, ला, ई, ल्यी, ले, शिवाय स्वर आला की नुसता ल. साखर म्हणायची तर इल नाही चालत, लो झुक्केरो, कारण पुढे झेड. यात मी अजूनही अडखळते आणि ताई वाक्य तोडून दुरुस्त करत नाहीत, बोलू देतात, कागदावर टिपून ठेवतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं काढतात. ही पद्धत मला फार आवडली. मध्येच टोकलं की माणूस गप्प होतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते फोनचं. एका शनिवारी मी म्हटलं, ताई, समोरासमोर मला कळतं हो, फोनवर काही कळत नाही. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं, मिक्सर चालू केला आणि तिथून मला फोन लावला. प्रोन्तो! म्हणजे फोनवरचं हॅलो. मी स्पेअर्स डेस्कला फोन केलाय असं धरायचं, पलीकडे त्या, कंटाळलेल्या आवाजात, अर्धे शब्द गिळत, मध्येच दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत. मला सांगायचं होतं की मशीनमधून तेल गळतंय आणि गॅस्केट पाहिजे, पार्ट नंबर अमुक. घाम फुटला. नंबर तर कहर, सेस्सान्ता म्हणजे साठ आणि सेत्तान्ता म्हणजे सत्तर, मिक्सरच्या आवाजात दोन्ही एकच. ताईंनी त्यावरचा उपाय सांगितला तो तिकडचाच, आकडा सुटा सुटा करून परत म्हणायचा, सहा, सात, आणि समोरच्याकडून हो म्हणवून घ्यायचं. तेव्हापासून प्रत्येक क्लासमध्ये पंधरा मिनिटं हा फोन असतो. माझ्या कामाचे शब्दही त्यांनी माझ्याकडूनच घेतले, मी मॅन्युअलची पानं न्यायची आणि त्या म्हणायच्या हे मलाही नवीन आहे गं, थांब बघू. गुआर्नित्सियोने म्हणजे गॅस्केट, कुशिनेत्तो म्हणजे बेअरिंग, चिंग्या म्हणजे बेल्ट. कुठल्या बॅचमध्ये कुणी हे शिकवणार.

आणि एक, त्यांच्याकडे टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात. हजाराला टिंब, दशांशाला स्वल्पविराम. कोटेशनमध्ये १.२५० दिसलं तर ते सव्वा नव्हे, साडेबाराशे. पर्चेसवाल्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं.

अहो-जाहोचंही त्यांनी पहिल्यापासून पक्कं करून घेतलं. अनोळखी माणसाला लेई, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी, समोर बाई असो वा बुवा. मला वाटायचं एवढा मान कशाला, पण तिकडच्या डेस्कवरचे काका पहिल्या दोन-तीन कॉलला त्याच भाषेत बोलले आणि एक दिवस स्वतःच म्हणाले, दियामोची देल तू, म्हणजे आता एकमेकांना तू म्हणूया. त्या दिवसानंतर स्पेअर्स लवकर यायला लागले असं नाही हां, पण माझा मेल आला की ते स्वतः फोन करतात, हे खरं.

मधूनमधून ताई त्यांच्या बोलोन्यातल्या जुन्या शेजारीणबाईंना व्हिडिओ कॉल लावतात. रिटायर्ड बाई, प्रचंड बोलक्या, माझं काय शिजलंय ते विचारतात आणि वरणफळं म्हटलं की त्यांना पास्ताच वाटतो. याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त वेळेचं बघायचं, हिवाळ्यात इटली आपल्या साडेचार तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. म्हणजे त्यांचे सकाळचे दहा हे आपले कधी अडीच, कधी दीड. ऑफिसच्या कॉललाही हेच लागू. आणि ऑगस्टमध्ये काही मागू नका, १५ ऑगस्टला त्यांचा फेरागोस्तो नावाचा सण असतो आणि त्याच्या आगेमागे कारखानेच्या कारखाने बंद. यावेळी मी जुलैमध्येच ऑर्डर टाकून मोकळी झाले.

आता जे आवडलं नाही ते. एक तर सिलॅबस असा नाही. ताईंच्या मूडवर बरंच अवलंबून, कधी बोलोन्यातली एखादी आठवण निघाली की वीस मिनिटं मराठीतच जातात, ऐकायला मजा येते पण घड्याळ आपल्या पैशाने चालतंय. दुसरं, लिहिण्याकडे जवळजवळ लक्षच नाही. मी बोलते बऱ्यापैकी, पण चार ओळींचा मेल लिहायला अजून अर्धा तास लागतो. त्यामुळे सिएनाची चिल्स किंवा पेरुजाची चेली अशी परीक्षा द्यायची असेल तर इथे येऊ नका, त्या परीक्षांत लेखन असतं, व्याकरणाची चाळणी असते, ताई स्वतःच म्हणतात की त्यासाठी दुसरं कुणीतरी शोध. तिसरं, पावसाळा. ट्रान्स-हार्बर बंद पडली की क्लास ऑनलाइन आणि ऑनलाइनमध्ये निम्मी मजा जाते, कागदावर टिपलेल्या चुका त्या फोटो काढून पाठवतात आणि अक्षर देवालाच कळावं. आणि एकटीने शिकण्याचा एक तोटा आहेच, बॅचमध्ये निदान दुसऱ्याच्या चुका ऐकून जरा धीर येतो, इथे सगळ्या चुका आपल्याच.

कुणी लावावी? ज्याला बोलायचंय आणि कुणाशी बोलायचंय ते माहितेय, त्याने. नुसती आवड म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी दोन-तीन महिने एखादी स्वस्तातली बॅच किंवा अ‍ॅप करावं, अक्षरं-आकडे-हाय-हॅलो यासाठी तासाला हजार घालण्यात अर्थ नाही. मास्टर्सला जाणाऱ्या पोरांनाही जायच्या आधीचे तीन-चार महिने उत्तम, कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी घरमालक इंग्लिशमध्ये नसतो. डेमो क्लास फुकट असतो, त्यात ताईंना फोनवालं करायला सांगा, व्याकरण नको. स्लॉट सध्या शनिवारी दुपारचे आहेत म्हणाल्या, संध्याकाळचे भरलेत. फीमध्ये घासाघीस करून बघितली मी, एक रुपया कमी होत नाही.