फॉरवर्ड की डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट? रुपया चढला तर छोट्या कारखान्याने काय धरावं

गेली काही वर्षं रुपया बहुतेक वेळा घसरतच आलाय, त्यामुळे नवीन एक्स्पोर्टवाली मुलं विचारतात की कव्हर घ्यायचं, म्हणजे डॉलरचा रेट आधीच बांधून ठेवायचा, कशाला, थांबलं की दोन पैसे जास्तच मिळतात. ज्यांनी २००७ बघितलंय ते असं विचारत नाहीत. त्या वर्षी जानेवारीत डॉलर ४४ च्या वर होता आणि दिवाळीपर्यंत ३९ वर येऊन टेकला. आमचं गोव्यात कुंडईला व्हॉल्वच्या पार्टचं मशीनिंग चालतं, माल परदेशी जातो, मार्जिन आठ-नऊ टक्के, तेव्हा डॉलरमागे पाच रुपये गेले म्हणजे मार्जिन तर गेलंच आणि वर पदरचे घालावे लागले. पगार, वीज, ट्रकभाडं सगळं रुपयात, त्यातलं काहीच कमी झालं नाही, आणि गिऱ्हाइकाकडे दर वाढवून मागावा तर त्याच्या टेबलावर चीन-तैवानची कोटेशनं आधीच पडलेली.

छोट्या जागेतल्या कारखानदाराची हीच गोची असते, चलन त्याच्यामुळे चढत नाही पण पैसे त्याला भरावे लागतात. न्यूझीलंडचा डॉलर (किवी डॉलर) चढतो तो दूध पावडरचे भाव आणि व्याजदर यांच्या जोरावर, फ्रिज-वॉशिंग मशिन बनवणाऱ्याला कोण विचारतो. फिशर अँड पायकलने डनेडिनजवळचा मॉझगीलचा कारखाना हलवायचं २००८ मध्ये जाहीर केलं तेव्हा किवी डॉलर चढून ८० अमेरिकन सेंटच्या आसपास होता. स्वित्झर्लंडने सप्टेंबर २०११ मध्ये युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही, म्हणजे फ्रँक त्यापुढे चढू द्यायचा नाही, अशी मर्यादा घातली, ती १५ जानेवारी २०१५ ला एका सकाळी काढून टाकली आणि त्याच दिवशी युरो फ्रँकच्या बरोबरीला आला. तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी मग त्याच पगारात आठवड्याचे तास वाढवले. म्हणजे एवढ्या श्रीमंत देशातही शेवटी ओझं शॉप फ्लोअरवरच उतरलं.

गोव्यात तर स्वतःचं चलनही नाही (पोर्तुगीजांचा एस्कुदो १९६१ ला गेला), रुपया कुठे जाणार ते तेल, मुंबईचा बाजार आणि बाहेरून येणारा पैसा ठरवतो. आणि एक गोष्ट आपल्याकडचे लोक विसरतात, चलन न चढताही चढल्यासारखं होतं. २०१२ ला खाणी बंद होईपर्यंत खनिजाचे ट्रक जोरात होते, आमचे दोन चांगले टर्नर लेथ सोडून ट्रकवर गेले, उरलेल्यांना थांबवायला मला पगार वाढवावा लागला. डॉलरचा दर तोच, पण माझा पार्ट परदेशात महागच झाला की. यावर कुठल्याही बँकेत कव्हर मिळत नाही, म्हणून निदान जे मिळतं ते तरी नीट निवडावं एवढंच म्हणणं.

तर आता मुद्दा. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेला येणारे डॉलर बँकेला कुठल्या रेटने विकायचे ते आजच बांधून ठेवणं, आणि पीसीएफसी म्हणजे डॉलरमधलं पॅकिंग क्रेडिट, ऑर्डरचा माल बनवायला बँक देते ते कर्ज रुपयाऐवजी डॉलरमध्ये घेणं, दोन्हींनी रेट बांधला जातो. फॉरवर्डची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच चांगली आहे, डॉलरला प्रीमियम, म्हणजे आजच्या रेटपेक्षा थोडा जास्त रेट, मिळतो, कर्ज काढायची गरज नाही, आणि ज्यांचे पैसे ठरल्या तारखेला येतात, म्हणजे दर महिन्याला तेच गिऱ्हाईक, तोच माल, त्यांच्यासाठी यापेक्षा सोपं काही नाही. मी स्वतः पाच-सहा वर्षं तेच वापरलं.

माझं मन उडालं ते २०११ मध्ये. जुलैमध्ये ४०,००० डॉलरची ऑर्डर, पैसे सप्टेंबरअखेर येतील या हिशोबाने ४५ च्या जवळपास फॉरवर्ड बुक केला. ऑगस्टमध्ये बेळगावहून कास्टिंग यायला आठवडा उशीर झाला, पाऊस आणि घाट, आणि ते आलं तोवर चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, १ सप्टेंबरला होती त्या वर्षी. आता चवथीला गोव्यात कारखाना चालवून दाखवा कोणी. पाच-सात दिवस शेड रिकामं, नंतर फिनिशिंग, पॅकिंग, मग न्हावा शेवाला पोचायचं, बोट चुकली. २७ ऑगस्टला निघायचा माल १२ सप्टेंबरला निघाला आणि पैसे ऑक्टोबरअखेरीवर गेले. इकडे सप्टेंबर संपताना डॉलर ४९ च्या आसपास. बँकेतला माणूस अगदी शांतपणे म्हणाला, साहेब तारीख गेली, आता कॅन्सल करून पुढचं बुक करावं लागेल, फरक आजच डेबिट होईल. फरक म्हणजे डॉलरमागे चार रुपये, १,६०,००० रुपये, वर चार्जेस वेगळे. कागदावर हा तोटा नाही, पुढचं बुकिंग वरच्या रेटने होतं आणि पैसे आले की फरक भरून निघतो, हे मलाही कळतं. पण चवथीचा अ‍ॅडव्हान्स नुकताच वाटून झालेला, दिवाळीचा बोनस समोर, कास्टिंगवाल्याचं बिल टेबलावर, आणि माल समुद्रात. त्या आठवड्यात ती रक्कम कुठून काढली ते माझं मला माहीत.

पीसीएफसीत हे होत नाही. ऑर्डर हातात आली की डॉलरमध्ये कर्ज उचलायचं, त्याच दिवशी रुपयात बदलून स्टील घ्यायचं, आणि गिऱ्हाइकाचे डॉलर आले की त्यातून परत. कोटेशन ज्या रेटवर काढलं साधारण त्याच रेटला पैसे हातात येतात. माल महिनाभर अडकला तर महिन्याचं व्याज जास्त लागतं, बस, खात्यातून अचानक लाख-दीड लाख उडत नाहीत. पॅकिंग क्रेडिटची लिमिट तशीही सगळ्यांना लागतेच, फॉरवर्डसाठी वेगळी लिमिट अडकवून ठेवायला नको.

खोट नाही असं नाही. डॉलरचं व्याज २०२१ मध्ये जवळजवळ फुकट होतं, २०२३ मध्ये सॉफरच (डॉलर कर्जाचा मूळ व्याजदर) ५ टक्क्यांच्या वर गेला, वर बँकेचं आणखी, तेव्हा हिशोब करूनच घ्या. ऑर्डर रद्द झाली तर हेही अंगावर येतं. रुपया घसरला तर वरचा फायदा इथेही जातो, २००८ च्या सुरुवातीला ४० च्या आसपास रेट बांधलेल्यांनी त्याच वर्षाच्या शेवटी ४८-४९ बघितले आणि हळहळले. आणि चलन तीन-चार वर्षं चढंच राहिलं, न्यूझीलंडसारखं, तर सहा महिन्यांच्या कव्हरने काही होत नाही मग ते कुठलंही असो, तेवढ्या वेळात नवीन पार्ट, नवीन गिऱ्हाईक बघायला उसंत मिळते इतकंच.

ज्यांचा माल तारखेला निघतो त्यांनी खुशाल फॉरवर्ड घ्यावा, मी नको म्हणणार नाही. पण ज्यांचं कास्टिंग घाटावरून येतं आणि कामगार चवथीला घरी जातात त्यांनी आधी पीसीएफसीची चौकशी करावी असं मला वाटतं. आमच्या इथल्या ब्रँचमध्ये हे काम होत नाही, पणजीला जावं लागतं. जाताना ऑर्डरची सही केलेली प्रत घेऊन जा, आणि डॉलर कुठल्या दिवशी रुपयात बदलायचे ते लेखी द्या, माझ्या पहिल्या वेळी तोंडी सांगितलं होतं तर त्यांनी दोन दिवसांनी बदलले आणि डॉलरमागे ३० पैसे गेले.